एका वाट चुकलेल्या माशाचं घर शोधायला त्यांनी १४ वर्षं घालवली, शेवटी पंतप्रधानांनी लष्कराचं विमान दिलं

तारीख २६ डिसेंबर १९५२. नाताळच्या दुसऱ्या दिवसाची रात्र. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान डी. एफ. मलान केप टाउनजवळच्या स्ट्रँड या समुद्रकाठच्या गावी सुट्टीवर होते. घरात निजानीज झालेली. तेवढ्यात फोन वाजला.

फोन दर्बानच्या बंदरातून होता. पलीकडे एक प्राध्यापक होते आणि त्यांची मागणी ऐकून कुणालाही वाटलं असतं की माणसाचं डोकं फिरलंय. त्यांना हवाई दलाचं एक विमान हवं होतं. ते घेऊन त्यांना परक्या मुलखातल्या एका बेटावर जायचं होतं आणि तिथून एक मेलेला मासा आणायचा होता.

हे प्राध्यापक म्हणजे जेम्स लिओनार्ड ब्रायर्ली स्मिथ. जगभर ते जे. एल. बी. स्मिथ या नावाने ओळखले जातात. आणि तो मासा होता सीलाकँथ, डायनासोरांबरोबरच संपला असं विज्ञानाने गृहीत धरलेला.

या फोनमागे १४ वर्षांची गोष्ट आहे.

शिकले रसायनशास्त्र, नाद माशांचा

स्मिथ यांचा जन्म १८९७ सालचा, दक्षिण आफ्रिकेतल्या ग्राफ-रेनेट गावचा. वडील पोस्टमास्तर. नोकरी बदलीची, त्यामुळे पोराच्या शाळाही बदलत गेल्या. गळ टाकून मासे पकडायचा नाद मात्र लहानपणी लागला तो कायमचा.

पहिल्या महायुद्धात ते पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर गेले. तिथे मलेरिया, आमांश आणि सांधेज्वर असं एकामागोमाग एक सगळं झालं. जीव वाचला, पण तब्येत कायमची बिघडली. त्यानंतर हा सडपातळ माणूस आयुष्यभर खाण्यापिण्याची पथ्यं, रोजचं चालणं आणि कडक शिस्त यांच्या बळावरच उभा राहिला.

परत आल्यावर त्यांनी स्टेलेनबॉशला रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलं. मग इंग्लंडला जाऊन केंब्रिजमधून १९२२ साली पीएच. डी. मिळवली आणि ग्रॅहम्सटाउनच्या रोड्स कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले. नोकरी चोख करायची, विषयाची पाठ्यपुस्तकंही लिहायची आणि उरलेला सगळा वेळ माशांना द्यायचा, असा त्यांचा शिरस्ता होता.

समुद्रकाठच्या लहान लहान म्युझियममध्ये ओळख न पटलेले मासे यायचे. ते ओळखून द्यायचं काम स्मिथ बिनपगारी करायचे. त्यातलंच एक म्युझियम होतं ईस्ट लंडनचं. नाव लंडनचं असलं तरी हे शहर दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचं बंदर आहे. तिथलं म्युझियम मार्जोरी कोर्टने-लॅटिमर सांभाळायच्या. त्यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती, पण पक्षी, शंख, फुलं, मासे यांतली नजर पक्की होती.

१९३८ साली स्मिथ यांनी दुसरं लग्न केलं. पत्नी मार्गारेट ही त्यांची विद्यार्थिनी, वयाने जवळपास वीस वर्षांनी लहान आणि शिक्षणाने रसायनशास्त्राचीच. पुढे तिनेही माशांचाच अभ्यास पत्करला. त्याच वर्षाच्या शेवटी तो मासा सापडला.

ढिगाऱ्याखालची निळी शेपटी

२२ डिसेंबर १९३८ रोजी नेरीन नावाचा ट्रॉलर ईस्ट लंडनच्या धक्क्याला लागला. कप्तान हेंड्रिक गूसेन यांनी चालुम्ना नदीच्या मुखासमोर जाळं ओढलं होतं. वेगळं काही मिळालं की ते म्युझियमला निरोप धाडत. नाताळची गडबड असूनही मार्जोरी बंदरावर गेल्या. शार्क आणि इतर मासळीच्या ढिगाखाली त्यांना एक निळसर पर दिसला. वरची मासळी बाजूला केल्यावर खाली दीड मीटर लांबीचा, साडेसत्तावन्न किलोचा मासा निघाला. निळा रंग, अंगावर पांढुरके ठिपके, चिलखतासारखे टणक खवले. पोहायचे पर तर थेट अंगातून फुटलेले नव्हते. ते जाड, मांसल देठांवर होते, जणू आखूड हातपायच.

असा मासा त्यांनी कधी पाहिला नव्हता. टॅक्सीवाला वासामुळे कुरकुर करत होता, तरी त्याला राजी करून त्यांनी मासा म्युझियममध्ये आणला. पण ठेवणार कुठे? डिसेंबर म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा. शवागाराने नकार दिला, शीतगृहानेही नकार दिला. म्युझियमच्या अध्यक्षांनी एक नजर टाकून हा साधाच मासा असल्याचं ठरवून टाकलं. शेवटी फॉर्मॅलीनमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्रांत आणि चादरीत मासा गुंडाळून ठेवला गेला.

स्मिथ यांना फोन लागेना. मग २३ डिसेंबरला मार्जोरी यांनी त्यांना पत्र लिहिलं आणि सोबत माशाचं साधं रेखाचित्र काढून पाठवलं.

स्मिथ त्या वेळी सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर, नाइस्ना गावी सुट्टीत होते. नाताळच्या टपालाच्या गर्दीत पत्र अडकलं आणि त्यांच्या हातात पडलं ३ जानेवारी १९३९ ला. पत्र वाचून त्यांनी चित्र पाहिलं. शेपटीच्या मधोमध फुटलेली छोटी जादा शेपटी, डोक्यावरच्या हाडांच्या पट्ट्या आणि ते देठावरचे पर. असा प्राणी त्यांनी याआधी एकाच ठिकाणी पाहिला होता, जीवाश्मांच्या पुस्तकात.

सीलाकँथ हे माशांचं घराणं सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचं. त्याचे सर्वांत अलीकडचे जीवाश्म साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे होते. त्यानंतर काहीच नव्हतं. त्यामुळे हे मासे डायनासोरांबरोबर संपले, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाने उठून यातला एक मासा परवा बंदरात उतरला म्हणून सांगायचं, तर त्याची उरलीसुरली पतही जाणार होती.

स्मिथ यांनी तातडीने तार केली आणि माशाचा सांगाडा व कल्ले काहीही करून जपायला सांगितलं. पण उशीर झाला होता. उन्हात मासा सडू लागल्यावर मार्जोरी यांनी तो भुसा भरणाऱ्या कारागिराच्या हवाली केला होता. कातडं आणि कवटी राहिली. आतले अवयव आणि कल्ले कचऱ्यात गेले होते आणि शोधूनही मिळाले नाहीत. फोटो काढले होते, तर फिल्म खराब निघाली.

फेब्रुवारीत स्मिथ ईस्ट लंडनला पोहोचले, तोवर मनात शंकांचं काहूर होतं. समोर मासा पाहिल्यावर मात्र खात्री पटली. मार्च १९३९ मध्ये नेचर या जगप्रसिद्ध विज्ञान नियतकालिकात त्यांचं टिपण छापून आलं. माशाला त्यांनी नाव दिलं लॅटिमेरिया चालुम्नी. पहिला शब्द मार्जोरी यांच्या आडनावावरून, दुसरा चालुम्ना नदीवरून. म्युझियममध्ये मासा ठेवला तेव्हा बघायला माणसांची रीघ लागली.

हा मासा इथला नाहीच

मासा खरा आहे हे जगाने मान्य केलं. पुढचा प्रश्न मात्र अवघड होता. हा राहतो कुठे?

ब्रिटनमधल्या काही तज्ज्ञांना वाटलं, इतकी वर्षं माणसाच्या नजरेला पडला नाही म्हणजे हा खोल समुद्राच्या अंधारात राहत असणार. तिथून चुकून वर आला.

स्मिथ यांना हे पटलं नाही. त्यांचं सगळं लक्ष माशाच्या अंगाकडे होतं. खोल पाण्यातले मासे बहुधा मऊ आणि नाजूक असतात. याच्या अंगावर तर चिलखत होतं. असे खवले आणि असे दणकट पर कातळांच्या सांदीकोपऱ्यात राहून शिकार करणाऱ्या माशाला लागतात. म्हणजे हा खडकाळ समुद्रातला, फार खोल नसलेल्या पाण्यातला रहिवासी.

मग आजवर सापडला कसा नाही? त्याचं उत्तरही त्यांच्याकडे होतं. खडकाळ तळावर ट्रॉलरची जाळी फाटतात, म्हणून तिथे कुणी जाळी टाकतच नाही. ईस्ट लंडनसमोरच्या समुद्रात मात्र वर्षानुवर्षं ट्रॉलर फिरत होते आणि एवढ्या काळात हा एकच मासा मिळाला होता. याचा अर्थ तो तिथला नव्हता. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे उबदार पाण्याचा जोरदार प्रवाह वाहतो. त्या प्रवाहाबरोबर हा मासा भरकटत खाली आला असावा. घर शोधायचं तर प्रवाहाच्या उलट दिशेने जायला हवं. मोझांबिक, टांझानिया, मादागास्कर आणि मधली बेटं, हा सगळा टापू धुंडाळायला हवा.

अंदाज बिनतोड होता, पण हातात पुरावा एक भुसा भरलेलं कातडं. दुसरा मासा हवा होता, आतल्या अवयवांसकट.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि सगळं थांबलं.

१०० पौंडांचं पत्रक

युद्ध संपल्यावर स्मिथ यांनी रसायनशास्त्राला रामराम ठोकला आणि पूर्णवेळ मत्स्यशास्त्र धरलं. १९४९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सागरी माशांवरचा त्यांचा जाडजूड सचित्र ग्रंथ आला. ते पुस्तक शास्त्रज्ञांइतकंच गळ घेऊन बसणाऱ्या हौशी लोकांच्या घरातही पोहोचलं. पुढे या गोष्टीत ते पुस्तक फार कामाला येणार होतं.

त्याच काळात नवरा-बायको पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोहिमा काढत होते. उन्हातान्हात, डासांत, मिळेल त्या होडीतून प्रवाळांचे कातळ तपासायचे, मासे गोळा करायचे, मार्गारेट यांनी त्यांची चित्रं काढायची. मासे मिळवायला स्मिथ सुरुंग लावत. आज कुणी असं केलं तर गुन्हा ठरेल, पण त्या काळच्या संशोधकांना त्यात वावगं वाटत नव्हतं.

सोबत एक पत्रक वाटलं जायचं. त्यावर सीलाकँथचा फोटो, इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तीन भाषांत माहिती आणि पहिल्या दोन माशांसाठी प्रत्येकी १०० पौंडांचं बक्षीस. गरीब कोळ्यासाठी ही रक्कम स्वप्नातली होती. मासा कापू नका, साफ करू नका, आहे तसा थंड जागी पोहोचवा, अशी सूचनाही त्यात होती. १९३८ चा धडा स्मिथ विसरले नव्हते.

वर्षांमागून वर्षं गेली, मासा काही मिळेना. १९५२ मध्ये झांझिबारला स्मिथ दांपत्याची गाठ एरिक हंट या तरुण इंग्रज कप्तानाशी पडली. हंट आपल्या गलबतातून मालाची ने-आण करत कोमोरोस बेटांपर्यंत जायचे. आफ्रिका आणि मादागास्कर यांच्या मधली ही ज्वालामुखीची बेटं तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होती. हंट यांनी पत्रकं सोबत नेली आणि बेटांवर लावायची व्यवस्था केली.

काही महिन्यांतच, डिसेंबर १९५२ मध्ये, कोमोरोसमधल्या अंजुआन बेटावर अहमदी अब्दल्ला नावाच्या कोळ्याच्या गळाला एक मोठा मासा लागला. तो विकायला बाजारात नेला तेव्हा अफान मोहमद या शिक्षकाची नजर त्यावर पडली. त्यांना पत्रकावरचं चित्र आठवलं आणि मासा कापला जाण्याआधी त्यांनी अब्दल्लांना थांबवलं. हंट यांचं गलबत योगायोगाने त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला नांगरलेलं होतं. मधे डोंगर, वाटेत ऊन. माणसांनी तो जड मासा पायी वाहत तिथवर नेला.

हंट यांनी आधी मीठ लावलं, मग मिळालं तेवढं फॉर्मॅलीन टोचलं आणि स्मिथ यांना तार केली.

पंतप्रधानांच्या हाती माशांचं पुस्तक

तार स्मिथ यांना २४ डिसेंबरला दर्बानच्या बंदरात, बोटीवर मिळाली. परिस्थिती बिकट होती. उन्हाळा, अपुरं फॉर्मॅलीन आणि नासत चाललेला मासा. त्यात स्मिथ स्वतः आले नाहीत तर मासा आपण ठेवून घेऊ, असा बेटांवरच्या फ्रेंच अधिकाऱ्यांचा पवित्रा. बोटीने जायचं तर आठवडे लागणार. विमान हवं, पण नाताळात सरकारी कचेऱ्या बंद. स्मिथ फोन करत राहिले आणि कुणीच हाताशी लागेना.

राहता राहिले पंतप्रधान. हे मलान म्हणजे १९४८ मध्ये सत्तेवर येऊन वर्णभेदाचं धोरण कायद्याने लादणारे नेते. मूळचे धर्मोपदेशक. उत्क्रांतीची साक्ष देणाऱ्या माशासाठी ते विमान देतील, ही आशा जवळजवळ नव्हतीच.

पण मलान सुट्टीवर जाताना एक पुस्तक सोबत घेऊन गेले होते. स्मिथ यांचाच माशांवरचा ग्रंथ. फोनची हकीकत कळल्यावर त्यांनी ते उघडलं, सीलाकँथचं पान काढलं आणि विमान मंजूर केलं.

२८ डिसेंबरला हवाई दलाचं डकोटा विमान निघालं. प्रवासभर स्मिथ यांना एकच भीती छळत होती. हंट काही मत्स्यशास्त्रज्ञ नव्हते. मासा दुसराच निघाला तर? पंतप्रधानांना झोपेतून उठवून, लष्कराचं विमान घेऊन भलताच मासा आणणारा प्राध्यापक म्हणून सगळं जग हसलं असतं. १४ वर्षांचा शोध आणि आयुष्यभराची पत एका पेटीत बंद होती.

दुसऱ्या दिवशी विमान मायोट बेटाजवळ उतरलं. हंट यांच्या गलबतावर ती पेटी उघडली गेली आणि कापसातून जाड खवले आणि देठावरचे पर दिसले. स्मिथ गुडघ्यावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते.

परतल्यावर ते मासा घेऊन केप टाउनकडे गेले आणि मलान यांना तो दाखवला.

कोळ्यांना सगळं ठाऊक होतं

या गोष्टीतला सगळ्यात मजेशीर भाग पुढेच आहे. जगाला जो मासा कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलाय असं वाटत होतं, तो कोमोरोसच्या कोळ्यांच्या रोजच्या बोलण्यातला होता. ते त्याला गोंबेसा म्हणत. दुसरे मासे धरताना तो अधूनमधून गळाला लागायचा आणि चवीला चांगला नाही म्हणून त्याला भाव नव्हता. त्याच्या खरबरीत खवल्यांचा एक उपयोग सांगितला जातो. सायकलचं पंक्चर काढताना ट्यूब घासायला ते कामाला येत.

इथेच स्मिथ यांच्या पदरी मोठी निराशाही आली. फ्रेंचांना आपल्या हद्दीतला मासा विमानाने पळवला गेल्याचा राग आला आणि त्यांनी परदेशी संशोधकांसाठी कोमोरोसचा समुद्र बंद केला. १९५३ पासून मासे मिळत गेले ते फ्रेंच शास्त्रज्ञांना. सीलाकँथच्या आतल्या रचनेचा जो अभ्यास करायला स्मिथ १४ वर्षं तळमळले, तो त्यांच्याच डोळ्यांसमोर पॅरिसला झाला.

आणखी एक चूक त्यांच्या नावावर लागली. अंजुआनच्या माशाला पाठीवरचा पहिला पर नव्हता. त्यावरून त्यांनी तो वेगळ्या जातीचा मानला आणि मलान यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं मलानिया. पुढे कळलं की मासा तोच, फक्त पर नसलेला. पंतप्रधानांचं नाव पुसलं गेलं, मार्जोरी यांचं राहिलं.

१९५६ मध्ये स्मिथ यांनी ही सगळी हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. ती खूप गाजली, अनेक भाषांत गेली. त्याच वर्षी एरिक हंट समुद्रात बेपत्ता झाले, ते सापडलेच नाहीत.

स्मिथ काम करत राहिले. आयुष्यभरात त्यांनी पाचशेहून अधिक शोधनिबंध लिहिले आणि सुमारे ३७० नव्या जातींच्या माशांना नावं दिली. शरीर मात्र साथ सोडत होतं. दीर्घ आजारपणानंतर जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. मार्गारेट यांनी दुःख बाजूला ठेवून ग्रॅहम्सटाउनला त्यांच्या नावाची मत्स्यशास्त्र संस्था उभी केली आणि तिच्या पहिल्या संचालक झाल्या.

तो मासा खरंच वाट चुकला होता का?

स्मिथ गेल्यानंतर १९८७ मध्ये जर्मन संशोधक हान्स फ्रिके यांनी छोट्या पाणबुडीतून कोमोरोसच्या समुद्रात जिवंत सीलाकँथ पाहिले आणि त्यांचं चित्रीकरण केलं. हे मासे दिवसा दीडशे-दोनशे मीटर खोलीवरच्या कपारींत दडून बसतात आणि रात्री शिकारीला निघतात. म्हणजे खडकाळ जागेचा स्मिथ यांचा अंदाज नेमका होता. त्या परांवर मासा तळावर चालत असेल, हा त्यांचा तर्क मात्र चुकला. तो चालत नाही, संथपणे तरंगतो.

मग १९९० च्या दशकाच्या शेवटी कोमोरोसपासून हजारो किलोमीटर दूर इंडोनेशियात सीलाकँथची दुसरी जात सापडली. २००० साली तर खुद्द दक्षिण आफ्रिकेत, सोडवाना बेच्या समुद्रात, पाणबुड्यांना शंभरेक मीटर खोलीवरच्या कपारींत सीलाकँथ दिसले. २०१९ मध्ये आणखी दक्षिणेला, दर्बानच्याही खाली, एक दिसला. टांझानिया, मोझांबिक, मादागास्कर इथेही नोंदी झाल्या. ज्या टापूत शोधायला हवं म्हणून स्मिथ यांनी पत्रकं वाटली, तो सगळा टापूच या माशाचं घर निघाला.

ईस्ट लंडन सोडवानापासून शेकडो किलोमीटर दक्षिणेला आहे. त्यामुळे १९३८ चा तो मासा प्रवाहाबरोबर भरकटत आला, हे म्हणणं आजही खोडता येत नाही. फक्त तो कोमोरोसहूनच आला असेल असं नाही, कदाचित त्याचं घर बरंच जवळ होतं.

आज हा मासा अतिशय संकटात असलेल्या जातींच्या यादीत आहे. खवल्यांच्या अभ्यासावरून २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की तो शंभरेक वर्षं जगू शकतो आणि पिल्लं व्हायच्या वयाला यायलाच त्याला पन्नासेक वर्षं लागतात. म्हणजे एक मोठा मासा जाळ्यात गेला की त्याची जागा भरायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

ईस्ट लंडनच्या म्युझियममध्ये तो १९३८ चा मासा आजही बघायला मिळतो, भुसा भरलेला, आतून रिकामा. स्मिथ यांच्या हाती तेवढंच लागलं होतं, आणि त्याच्या नुसत्या खवल्यांवरून आणि परांवरून त्यांनी माशाचं घर कुठे असेल ते ओळखलं होतं.